डाव्या कमरेचं होल्स्टर

मंगळवार, २ सप्टेंबर

उजव्या बरगडीखाली पुन्हा लाल वळ उठलाय. साठ मैलांवरचं एक शेतघर दाखवायला गेले होते, तर जाता-येता सगळा वेळ पिस्तुलाच्या होल्स्टरची वरची कड बरगडीत रुतत राहिली. गिऱ्हाईक म्हणजे नवराबायको, दोघंही हसतमुख, पण शेवटी अनोळखीच. माझं काम घरं विकायचं, आणि रिकाम्या घरांतून अनोळखी माणसांबरोबर एकटीनं हिंडायचं तर जवळ पिस्तूल हवंच. पूर्वी मी पर्समध्ये ठेवायचे. एकदा पर्सच एका गिऱ्हाइकाच्या गाडीत विसरले, तेव्हापासून कमरेला. ते बाहेरून कुणाला दिसू नये आणि मला आतून टोचू नये, एवढंच माझं मागणं आहे.

हे तिसरं होल्स्टर. आणि माझा नवरा चामड्याचं काम करतो!

हॉलिसची खोगिरं पार न्यू मेक्सिकोपर्यंत जातात. आमच्या शेरीफसाहेबांचं होल्स्टर त्यानंच केलंय, साहेब म्हणतात अंगावर आहे हेच विसरायला होतं. मी मे महिन्यात त्याला म्हटलं, मलाही एक कर. "बघू." जूनमध्ये म्हटलं. "बघू." आज वळ दाखवला, तर म्हणतो, "व्हर्जिलच्या दुकानातून एखादं तयार घे ना."

"तयार?" मी म्हटलं. "खोगीरवाल्याची बायको दुकानातलं होल्स्टर लावून हिंडेल?"

"बाकीच्या बायका लावतातच की."

"बाकीच्यांचे नवरे विमा विकतात, हॉलिस."

हसला नाही. पूर्वी हसला असता.

ऑफिसातून दर वर्षी ही जाड वही मिळते आणि दर वर्षी कोरीच राहते. यंदा लिहिणार. दुसऱ्या कुणाला सांगावं तर दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

व्हर्जिलकडे गेले. व्हर्जिल म्हणजे सत्तर वर्षांचा म्हातारा, त्याचं बंदुकांचं दुकान आणि जीभ दोन्ही कधी बंद नसतात. मला बघून काउंटरवरच कोपर टेकून म्हणाला, "हॉलिसनं घराबाहेर काढलं की काय?"

"होल्स्टर दाखवा, व्हर्जिल. तोंड मिटून दाखवलंत तर दोन घेईन."

त्यानं खालून एक खोकं काढलं. लोकांनी घेतलेली, आठवडाभर वापरलेली आणि वैतागून परत आणलेली होल्स्टरं. म्हणाला, प्रत्येकाच्या घरी असल्या होल्स्टरांचा एक खण असतोच, पहिलं होल्स्टर कधी कुणाला लाभत नाही. मी त्याच्या मागच्या खोलीत सगळी लावून पाहिली. गोळ्या काढून, अर्थात. पोटाशी लावायचं उभं राहिलं की छान, वाकलं की नळी मांडीच्या सांध्यात. पाठीच्या कण्यावर लावायचं तर खुर्चीत बसताच मी केकाटले. शेवटी मऊ कातड्याचं एक घेतलं, नुसती एक पत्र्याची पकड, कंबरपट्ट्याला अडकवायची.

"आठवडाभर घरात लावून हिंड," व्हर्जिल म्हणाला. "झोपाळ्यावर बस, भांडी घास, बूट घाल. चामडं अंगाची ओळख करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नवऱ्यासारखंच."

घरी आले तर हॉलिस आरशासमोर. अंगात नवा शर्ट, टिच बटणांचा, मोत्यासारखी चमकणारी बटणं, वीस वर्षांचा असताना नाचायला जाताना घालायचा तसला. असे तीन आणलेत म्हणे. दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापून घेतलंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणासाठी चाललंय हे सगळं?

रविवार, १४ सप्टेंबर

आज चर्चमध्ये एक गोष्ट झाली. मनातून जात नाही.

एकतीस वर्षं मी हॉलिसच्या डावीकडे बसते. त्याच्या उजव्या कमरेला पिस्तूल, म्हणून त्याचा उजवा हात मोकळा ठेवायचा आणि बायकोनं डावीकडे चालायचं, डावीकडे बसायचं. माझी आईसुद्धा हेच पाळायची. कुणी शिकवावं लागत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाद्र्यांनी मला डावीकडेच उभं केलं होतं, त्यामुळे मला ती जागा आपली वाटते.

आज बाकाशी आल्यावर हॉलिस थांबला, मला पुढे जाऊ दिलं आणि मग स्वतः डाव्या टोकाला बसला. मी त्याच्या उजवीकडे.

"हे काय?"

"आज इकडे बस."

"का पण?"

"उगाच. बस ना, सगळे बघताहेत."

बसले. एरवी प्रार्थनेच्या वेळी त्याचा डावा हात माझ्या हातात असतो. आज माझ्या बाजूला होता तो उजवा हात, आणि तो त्यानं अख्खा वेळ कोटाच्या खिशात ठेवला. मी हात पुढे केला तरी काढला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग लक्षात आलं. त्या टोकावरून थेट ऑर्गन दिसतो. ऑर्गनवर कोरीन टॅकेट. मागच्या वर्षी इथं राहायला आली, घटस्फोट झालेली, लांब मानेची, सॅन अँजेलोच्या हॉस्पिटलात कसलंसं काम करते. रक्तबिक्त काढत असेल. गाणं संपल्यावर तिनं मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. हॉलिसनंही डोलावली.

जेवायला हॉटेलात गेलो. हॉलिस नेहमी मोठा स्टेक घेतो. आज चिरलेल्या मांसाचं सँडविच घेतलं, एका हातानं खाता येतं तसलं. "वजन बघतोय," म्हणाला. कॉफी अर्धाच कप घेतली. नवे शर्ट, आणि आता वजन बघतोय.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज माझी जन्मभराची शोभा झाली.

एका निवृत्त जोडप्याला घर दाखवत होते. मधेच बाथरूमला गेले. व्हर्जिलच्या त्या मऊ होल्स्टरची पकड पँटला असते, पँट सैल झाली की पकडही सैल. फरशीवर धप्प आवाज झाला. बाहेरून ती बाई म्हणाली, "काही पडलं का हो?" मी म्हटलं, "साबणदाणी." तिथं साबणदाणी नव्हतीच, त्यांनी नंतर पाहिलं असणार. घर विकलं जाणार नाही ते नाहीच.

रागारागानं लवकर घरी आले. हॉलिस गाडी घेऊन कुठेतरी गेला होता. मी त्याच्या चामड्याच्या कारखान्यात शिरले, म्हटलं त्याचं जुनं होल्स्टर तरी लावून बघावं. आमची पिस्तुलं एकसारखी आहेत, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एकमेकांना दिलेली, तळहातात मावणारी चपटी. त्याचं होल्स्टर खिळ्याला टांगलेलंच होतं. वर धूळ. म्हणजे किती आठवडे लावलं नाहीये?

आणि बुटांच्या साच्यांमागे, फडक्यात गुंडाळलेलं, दुसरं होल्स्टर सापडलं. नवं.

काय सुंदर विचार केला होता त्यात! अंगाकडच्या बाजूला मऊ हरणाच्या कातड्याची जीभ, पिस्तुलाचं थंड लोखंड कातडीला लागू नये म्हणून. वरची कड बाहेर वळवलेली, बसल्यावर बरगडीत जाऊ नये म्हणून. पट्ट्याला दोन रुंद पट्ट्या, निसटायचा प्रश्नच नाही. मला पाहिजे ते सगळं. माझं पिस्तूल रिकामं करून आत घातलं, चपखल बसलं. मला रडूच आलं. म्हटलं, माझा हॉलिस, गुपचूप माझ्यासाठी करतोय.

कमरेला लावलं. मूठ उलटीकडे आली. काढून दुसऱ्या बाजूला लावलं, तेव्हा नीट बसलं.

डाव्या हाताचं होल्स्टर आहे ते. मी उजवी. हॉलिस उजवा.

मग खालची कचऱ्याची टोपली पाहिली. तिच्यात उजव्या हाताची दोन, अर्धवट शिवलेली, फेकून दिलेली. म्हणजे माझं करायला घेतलं, कंटाळला आणि टाकलं. तिचं मात्र पूर्ण झालं. तिला पिस्तूलही आमच्यासारखंच घ्यायला लावलंय, तेवढं एक आमच्या दोघांचं होतं.

टाके मात्र वाकडेतिकडे. हॉलिसचे टाके, ज्यांच्यावर लोक पट्टी ठेवून बघतात! बाई समोर बसलेली असेल, तेव्हा हात थरथरले असतील.

होतं तसं गुंडाळून ठेवलं. त्याला काही बोलले नाही. आधी बघते.

रविवार, २१ सप्टेंबर

आज चर्चनंतर सगळ्यांचं मिळून जेवण होतं. मी बटाट्याच्या सॅलडमागे उभी राहिले आणि एकेका बाईचा हात बघत गेले. आमच्या चर्चमध्ये डावखुऱ्या तीन. एक चौऱ्याऐंशी वर्षांची, तिला हल्ली चमचाही दिसत नाही. दुसरी नऊ वर्षांची. तिसरी कोरीन. तिनं डाव्या हातानं माझं सॅलड वाढून घेतलं आणि म्हणाली, "नेल्डाताई, यात मोहरी घालता ना? मला तुमच्याकडून शिकायचंय."

ताई! चार वर्षांनी तर लहान आहे.

"शिकून काय करणार?" मी म्हटलं. "एकट्या माणसाला एवढं सॅलड कशाला?"

तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. मग पाच मिनिटांनी हॉलिस तिच्याशी कॉफीच्या भांड्यापाशी बोलत होता. तिनं त्याला हळूच विचारलं, "अजून सांगितलं नाहीत ना?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि तो म्हणाला, "सांगेन. थोडं जमू दे."

काय जमू दे?

मंगळवार, २३ सप्टेंबर

हॉलिस म्हणाला, चामडं आणायला सॅन अँजेलोला जातो. दर मंगळवारीच जातोय, जूनपासून. आज परत आला तर गाडीत चामड्याचा एक तुकडा नाही. "चांगलं नव्हतं," म्हणाला.

"तुझ्या भावाला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचंय, त्याच्यावर सही कर," मी म्हटलं.

"तूच कर ना दोघांची."

सहीसुद्धा करवत नाही आता माझ्या नावाशेजारी.

मंगळवार, ३० सप्टेंबर

पुन्हा चामडं नाही. दिवसभर बरगडी दुखत होती, जुनंच होल्स्टर लावते आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

कोरीनच्या घराला लागून जे पिवळं घर आहे ते जुलैपासून विक्रीला आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे. सकाळी हॉलिस निघाला, मी दहा मिनिटांनी निघाले. सॅन अँजेलोच्या रस्त्याला त्याची गाडी दिसली नाही. कोरीनच्या मागच्या अंगणात, पेकनच्या झाडाखाली दिसली. रस्त्यावरून कुणाला दिसू नये अशी लावलेली.

मी पिवळ्या घराच्या वरच्या खोलीत गेले. खिडकीतून तिची मागची पडवी स्वच्छ दिसते. दोघं समोरासमोर बसलेले, गुडघ्याला गुडघे लागतील इतके जवळ. मधे छोटं टेबल, त्यावर टॉवेल, टॉवेलवर हॉलिसचा उजवा हात. खिशातून माझ्यासाठी न निघालेला तो हात. तिनं तो दोन्ही हातांत घेतला होता आणि एकेक बोट धरून वाकवत होती, सोडत होती, पुन्हा वाकवत होती. हॉलिसचे डोळे मिटलेले. मधेच तिनं काहीतरी विचारलं आणि त्यानं मान हलवली. मग तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मी त्या रिकाम्या खोलीत पाऊण तास उभी होते. चुंबनबिंबन काही झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान ओरडत खाली गेले असते. पण इतक्या मायेनं कुणी कुणाचं बोट धरतं का, मधे काही नसताना?

घरी आले, सरळ कारखान्यात. बुटांच्या साच्यांमागून ते होल्स्टर काढलं. हॉलिसची रापी घेतली, चामडं कापायची अर्धगोल पात्याची, तिला हात लावायची मला परवानगी नाही. एक दाब दिला, शिवण उसवत गेली. दुसरा दिला, दोन तुकडे झाले. ती हरणाच्या कातड्याची जीभसुद्धा कापली. तुकडे त्याच्या बाकावर मधोमध ठेवलेत, रापी शेजारी. आता तो यायची वाट बघत इथं त्याच्याच स्टुलावर बसून लिहितेय.

गाडी वाजली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

तो आत आला, बाकाकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

"हे काय?"

"कोरीनला सांग, तिचं होल्स्टर तयार आहे. दोन भागांत आहे एवढंच."

"कोरीनचं?"

"डावखुरी आहे ना ती? मी आंधळी नाही, हॉलिस. आज पिवळ्या घराच्या खिडकीत होते मी. पाऊण तास."

त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो मटकन दुसऱ्या स्टुलावर बसला. तोंडातून एक आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा, मला कळलं नाही.

"नेल्डा, हे माझं आहे."

"तू उजवा आहेस."

"होतो," तो म्हणाला.

बाकावर शिवणीची सुई पडली होती. त्यानं उजवा हात पुढे केला आणि ती उचलायला गेला. अंगठा आणि बोट जवळ आले, पण मिटलेच नाहीत. सुई सरकली. पुन्हा गेला. पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा त्यानं सुई बाकाच्या कडेपर्यंत ढकलत नेली आणि ती खाली पडली. मी उचलून द्यायला वाकले, तर म्हणाला, "नको. राहू दे."

मानेतली शीर दाबली गेलीय. वसंतात सुरू झालं, आधी मुंग्या, मग ताकद गेली. सॅन अँजेलोचे डॉक्टर म्हणतात, थोडी परत येईल, पूर्वीसारखी येईलच असं नाही. हॉस्पिटलच्या दारात त्याला कुणी पाहिलं असतं तर खोगीरवाल्याचा हात गेला ही बातमी आठवड्यात तीन तालुक्यांत झाली असती आणि उरलीसुरली कामं गेली असती. कोरीन तिथं हेच काम करते, निकामी हात चालते करायचं. तिनं सांगितलं, माझ्या सुट्टीच्या दिवशी घरी या.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याच दिवशी कारखान्याला टाळं लावलं असतंस."

लावलंच असतं. खोटं कशाला बोलू?

"माझं होल्स्टर तरी…"

"तुझं दोनदा घेतलं. डाव्या हातानं टाका सरळ येईना. तुला ते वाकडं देऊ? म्हटलं आधी माझंच करावं, हात बसवावा, मग तुझं. माझं कसंही चालतं." मग तुकड्यांकडे बघून म्हणाला, "पाचवं होतं हे. यातले शेवटचे बारा टाके सरळ आले होते."

मी तुकडा उचलून बघितलं. होते. शेवटचे बारा. काल मला ते दिसले नव्हते.

त्या रविवारी त्यानं मला उजवीकडे बसवलं ना, तेव्हा आधीचाच एक कच्चा प्रयत्न डाव्या कमरेला लावून आला होता, जमतंय का बघायला.

मी खूप रडले. त्यानं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. आणि मग मी जे विचारलं त्याची मला लाज वाटते, पण इथं लिहायचं ठरवलंय. मी विचारलं, "कोरीनला कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"तू सांगितलंस?"

"नाही. मी प्रार्थनेचं पुस्तक कसं धरतो ते तिनं ऑर्गनवरून पाहिलं. पहिल्याच रविवारी ओळखलं."

आज सकाळपासून ही वही मागे चाळतेय. टिच बटणं, कारण साधी बटणं लावता येत नव्हती. अर्धा कप कॉफी. चिरलेलं मांस. कापलेला गाल. कार्डावरची सही. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. एका बिछान्यात झोपून मला दिसलं नाही आणि तिला वीस फुटांवरून, पाठमोरी बसून दिसलं. होल्स्टर कापल्याचं वाईट वाटतंच आहे. पण खरं सांगायचं तर याचा जळफळाट जास्त होतोय, आणि याला रापी चालत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज मीही गेले. कोरीननं दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "आलात! मी जूनपासून यांच्या मागे लागलेय, नेल्डाताईंना सांगा म्हणून."

मी मोठा डबा पुढे केला. "सॅलड. मोहरी घातलीय. शिकायचं असेल तर गुरुवारी या. मागे जे बोलले ते विसरा."

"कधीचंच विसरले," ती म्हणाली. मला ते पटलं नाही, पण तिनं डबा घेतला.

मग मी म्हटलं, "बोटं कशी दाबायची ते दाखवा. मंगळवारपर्यंत थांबायची काय गरज? रोज करेन मी घरी."

तिनं हॉलिसचा हात माझ्या हातात दिला. देताना तिनं तो एक क्षण धरून ठेवला असं मला वाटलं. नसेलही धरला. मी करंगळीपासून सुरुवात केली आणि हॉलिस किंचाळला.

"हळू," कोरीन म्हणाली. "तो हात आहे, कुलूप नाही."

"ही घराची कुलपंसुद्धा अशीच उघडते," हॉलिस म्हणाला.

दोघं हसली. मीही हसले, पण उशिरा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

त्याचं होल्स्टर पुन्हा करायला घेतलं. मी कापलं, तेव्हा मीच शिवणार असं ठरवलं होतं, पण ते इतकं सोपं नाही. खोगिराची शिवण दोन सुयांची असते. लाकडी चिमट्यात चामडं धरायचं, आरीनं भोक पाडायचं, एकाच भोकातून एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून घालायची आणि दोन्ही दोरे सारख्याच जोरानं ओढायचे. एका माणसाचे दोन हात लागतात. हॉलिसचा एक आहे, मला कला नाही.

सकाळभर मी एकटीनं नऊ टाके घातले आणि त्यातले सहा उसवले. हॉलिस बघत होता. मग स्टूल ओढून चिमट्याच्या पलीकडे बसला आणि डाव्या हातात एक सुई घेतली.

"तू तिकडची घाल, मी इकडची."

पहिले दहा टाके भांडणात गेले.

"किती ओढतेस! चामडं आहे ते, माझा कान नाही."

"तू सैल सोडतोस."

"मी तीस वर्षं हेच करतोय, नेल्डा."

"दोन्ही हातांनी!"

मी जीभ चावली. मग त्यानं सुई भोकात घातली आणि म्हणाला, "बरं, मोज. तीनला ओढायचं. जास्त नाही, कमी नाही." एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. दुपारी जेवायला उठलो तेव्हा चार इंच शिवण झाली होती. त्यानं तिच्यावर पट्टी ठेवून पाहिली, काही बोलला नाही, आणि पट्टी जागेवर नेऊन ठेवली. वाईट असतं तर बोलला असता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माझं होल्स्टर झालं. उजव्या हाताचं, कड बाहेर वळवलेली, आत हरणाच्या कातड्याची जीभ. हॉलिसनं कागदावर माझ्या बसलेल्या कमरेचा आकार काढून घेतला, उभ्या नाही. म्हणाला, तुझं अर्धं आयुष्य गाडीत जातं, बसलेलीच तू खरी. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बाईची कंबर मापताना त्यानं काही शेरा मारला नाही, हे नोंदवून ठेवते.

मोठ्या रस्त्यानं पुन्हा त्या शेतघराकडे गेले. जायला साठ मैल, यायला साठ. परत येताना पेट्रोल भरायला उतरले तेव्हा आठवलं की कमरेला काहीतरी आहे. आरशात पाहिलं, शर्टावर फुगवटासुद्धा नाही. येताना व्हर्जिलकडे थांबून आधीची चारही त्याच्या खोक्यात टाकून दिली. त्यानं माझं नवं होल्स्टर हातात घेतलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हॉलिसचं काम," म्हणाला. "पण एका बाजूचा टाका जरा रागीट आहे."

"ती बाजू माझी," मी म्हटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

बाकाशी आल्यावर हॉलिस थांबला. त्याच्या डाव्या कमरेला आमचं शिवलेलं, कोटाखाली. माझ्या उजव्या कमरेला माझं. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही. मी आधी आत गेले, तो डाव्या टोकाला बसला. आईला हे दिसलं असतं तर तिनं मागून माझी वेणी ओढली असती, पण आता त्याचा डावा हात बाहेरच्या बाजूला मोकळा राहतो आणि माझा उजवा आतल्या बाजूला. एकतीस वर्षं माझा उजवा हात त्याच्या हातात अडकलेला असायचा, याचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नव्हता.

पहिलं गाणं सुरू झालं. त्याचा उजवा हात सवयीनं खिशाकडे निघाला. मी मनगट धरलं.

"नेल्डा, लोक बघतील."

"बघू देत."

हात माझ्या मांडीवर घेतला. तो पूर्वीपेक्षा हलका झालाय, अंगठ्याखालचं मांस गेलंय, आणि कधी नव्हे इतका गार असतो. पाद्री बोलत होते तोवर मी करंगळीपासून सुरू केलं. वाकवायचं, सोडायचं, प्रत्येक बोट वीस वेळा, हळू. तिसऱ्या बोटाला त्यानं माझा अंगठा दाबला. अगदी थोडासा, चिमणीनं चोच लावावी तेवढा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघंही रडलो असतो.

गाणं संपलं तेव्हा कोरीननं मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. माझ्या मांडीवरचा हात तिला दिसला असणार, तिला दिसत नाही असं काही नाही. ती हसली आणि तिनं मान डोलावली. बाई चांगली आहे, गुरुवारी आली होती, सॅलडही बरं शिकली. मीही मान डोलावली आणि हात जरा घट्ट धरला. मंगळवारी पाऊण तास तो तिचा असतो. बाकी आठवडाभर माझा आहे.